पिंगला उत्तर आलं खरं, पण दिलं कोणी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही गडबड असेल तर ती इथेच पकडता येईल. तुमच्याकडे दोन विंडोज सर्व्हर आहेत. पहिल्याला पिंग केलं की चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतं, पण त्यावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळे जण आरामात वापरताहेत. दुसऱ्याला पिंग व्यवस्थित होतं, पण त्याचं वेबपेज उघडत नाही. या दोघांवर नजर ठेवायला तुम्ही एक बॅच फाइल लिहिलीत, ती दर पाच मिनिटांनी पिंग करून लॉगमध्ये 'चालू' किंवा 'बंद' लिहिते. परवा दुसरा सर्व्हर मुद्दाम बंद करून ठेवला होता, तरी लॉगमध्ये 'चालू'च येत राहिलं. म्हणून तुम्ही विचारताय की पिंगवर विश्वास ठेवायचा की नाही.

ठेवायचा. मीही रोज ठेवतो. पण तुम्ही पिंगला जे विचारताय आणि पिंग ज्याचं उत्तर देतंय, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला जाणून घ्यायचंय की 'सर्व्हर काम करतोय का'. पिंग एवढंच सांगतं की 'या पत्त्यावर मी एक छोटं पॅकेट पाठवलं, त्याचा प्रतिध्वनी परत आला की नाही, आणि आला तर किती वेळात'. तुमच्या तिन्ही कोड्यांचं मूळ या फरकात आहे. आणि तिन्ही सोडवायला एकच सवय पुरते: 'उत्तर आलं का' एवढ्यावर न थांबता 'उत्तर कोणी दिलं' हे वाचायचं.

प्रतिध्वनी हा शब्द मी सहज वापरला नाही. माइक मस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३च्या डिसेंबरात, नेटवर्क विचित्र वागतंय म्हणून वैतागून, हे टूल लिहिलं आणि पाणबुडीच्या सोनारचा जो 'पिंग' आवाज असतो त्यावरून त्याला नाव दिलं. त्यामागचा आयसीएमपी हा प्रोटोकॉल (नेटवर्कवरच्या अडचणींचे आणि चाचण्यांचे निरोप नेण्याचे नियम) १९८१ सालच्या आरएफसी ७९२ या इंटरनेटच्या नियमपत्रकात आलेला होताच. त्यात प्रकार ८ म्हणजे एको रिक्वेस्ट आणि प्रकार ० म्हणजे एको रिप्लाय. पिंग ८ पाठवतं आणि ०ची वाट बघतं, बस.

यात दोन गोष्टी सहज निसटतात. पहिली, आयसीएमपीमध्ये पोर्ट (एकाच मशीनवरच्या प्रत्येक सर्व्हिसच्या दरवाज्याचा क्रमांक) नसतं. 'पोर्ट ८०ला पिंग करून बघ' असं बोलताना आपण सगळेच म्हणतो, पण त्याला तांत्रिक अर्थ नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: प्रतिध्वनी देतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तुमचं ॲप्लिकेशन नव्हे. वेब सर्व्हर कोसळलेला, डेटाबेस अडकलेला, लॉगिनसुद्धा होत नाही, अशी मशीनं मी पिंगला एक मिलिसेकंदात उत्तर देताना पाहिली आहेत. एकदा डिस्क पूर्ण गेलेलं एक लिनक्स मशीन रात्रभर इमानेइतबारे पिंगला उत्तर देत होतं. डिस्कवरून काही वाचायचंच नसेल तर गाभ्याला त्याचं काय! तुमच्या दुसऱ्या सर्व्हरचं निम्मं कोडं इथेच सुटलं. मशीन जिवंत आहे, वाट मोकळी आहे, पण दुकान उघडलेलं नाही.

आता पहिला सर्व्हर, जो गप्प बसतो पण काम करतो. विंडोजची फायरवॉल बाहेरून येणाऱ्या एको रिक्वेस्ट सहसा अडवते. सर्व्हरवर काही फीचर्स चालू केली की तो नियम कधीकधी आपोआप उघडतो, त्यामुळे एकाच कार्यालयातले दोन विंडोज सर्व्हर वेगवेगळे वागले तर त्यात नवल नाही. नियमाचं नावही गंमतीशीर ठिकाणी दडलेलं असतं: इनबाउंड रूल्समध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'च्या खाली 'एको रिक्वेस्ट – आयसीएमपीव्ही४-इन'. पिंग आणि प्रिंटर यांचा संबंध काय, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं आणि पटलेलं तर अजूनही नाही.

तो नियम उघडायच्या आधी एक छोटी चाचणी करा. ही मला फार आवडते. सर्व्हर तुमच्याच सबनेटमध्ये (मध्ये राउटर नसलेल्या त्याच स्थानिक नेटवर्कमध्ये) असेल तर त्याला पिंग करा, टाइम्ड आउट येऊ द्या, आणि लगेच 'एआरपी -ए' चालवा. यादीत त्या आयपीसमोर मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) दिसला तर मशीन जिवंत आहे, केबल ठीक आहे, स्विच ठीक आहे. फक्त आयसीएमपीला उत्तर द्यायची त्याला परवानगी नाही. कारण पिंगचं पॅकेट निघण्याआधी तुमचं मशीन विचारतं की 'हा आयपी कोणाचा, तुझा मॅक सांग', आणि या प्रश्नाच्या आड साधी फायरवॉल येत नाही. पिंगला तोंड बंद ठेवणारा एआरपीला मात्र बोलतोच. सर्व्हर राउटरपलीकडे असेल तर ही युक्ती चालणार नाही, तिथे एआरपीत फक्त गेटवे (बाहेर नेणारा राउटर) दिसतो.

आता बॅच फाइल. मी अंदाज करतो की तुम्ही पिंगनंतर एररलेव्हल (कमांड संपताना परत देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) तपासताय, शून्य असेल तर 'चालू'. सर्व्हर बंद असताना पिंगने नेमकं काय छापलं असेल ते बघा. समजा तुमच्या मशीनचा पत्ता १९२.१६८.१०.५ आणि सर्व्हरचा १९२.१६८.१०.२५ आहे. स्क्रीनवर साधारण असं येतं:

पिंगिंग १९२.१६८.१०.२५ विथ ३२ बाइट्स ऑफ डेटा
रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.५: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल

अशा चार ओळी, आणि खाली बेरीज: सेंट ४, रिसीव्ह्ड ४, लॉस्ट ०, शून्य टक्के लॉस.

दुसरी ओळ परत वाचा. 'रिप्लाय फ्रॉम'नंतरचा पत्ता सर्व्हरचा नाही, तुमचाच आहे! तुमच्याच मशीनने एआरपीने हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच सांगितलं की 'बाबा, तिथे कोणी नाही'. विंडोजचं पिंग मात्र ते मिळालेलं उत्तर म्हणून मोजतं आणि एररलेव्हल शून्य ठेवून मोकळं होतं. म्हणजे मेलेल्या मशीनसाठी शून्य टक्के लॉस. या सापळ्यात मी स्वतः तीन दिवस अडकलो होतो. बॅकअपचं मशीन बंद पडलेलं, आणि माझा लॉग सगळीकडे 'चालू' म्हणत होता. ज्या दिवशी जुनी फाइल परत आणायची वेळ आली त्या दिवशी कळलं. तेव्हा मला काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. एररलेव्हलवर न जाता खरा प्रतिध्वनी ओळखा. खऱ्या उत्तराच्या ओळीतच 'टीटीएल=' (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं तो उरलेला आकडा) असतं, 'अनरीचेबल'च्या ओळीत नसतं. म्हणून 'पिंग -४ -एन २ पत्ता', मग पाइप (|), मग 'फाइंड "टीटीएल="', आणि एररलेव्हल त्या फाइंडचा तपासा. प्रत्यक्षात टाइप करताना टीटीएल ही तीन अक्षरं कॅपिटलमध्येच हवीत, फाइंड त्याबाबतीत हट्टी आहे. यातला '-४' विसरू नका: आयपीव्ही६वर उत्तर आलं तर विंडोज टीटीएल छापतच नाही, मग चालू मशीनही 'बंद' दिसेल. लिनक्सवर ही कटकट नाही. तिथे एकही खरं उत्तर आलं नाही तर पिंग शून्य परतवत नाही. फक्त '-सी'ने संख्या द्यायला विसरलात तर ते थांबणारच नाही.

'कोणी बोललं' ही सवय लागली की बाकीचे संदेशही उलगडायला लागतात. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे कोणीच बोललं नाही. यातून कमीत कमी निष्कर्ष निघतो: मशीन बंद असेल, फायरवॉलने पॅकेट गिळलं असेल, किंवा पॅकेट पोचलं आणि परतीची वाट चुकली असेल. शेवटची शक्यता बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. दोन नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरवर गेटवे चुकीच्या बाजूला लावलेला असला की हेच होतं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' तुमच्याच पत्त्यावरून आलं तर अडचण तुमच्या सबनेटमध्ये आहे. एखाद्या राउटरच्या पत्त्यावरून आलं तर त्या राउटरपर्यंतची वाट ठीक आहे, पुढे त्याला मशीन सापडत नाही किंवा रस्ताच माहीत नाही. 'टीटीएल एक्सपायर्ड इन ट्रान्झिट' दिसलं तर बहुधा दोन राउटर एकमेकांकडे बोट दाखवून पॅकेट टोलवत बसलेत. 'जनरल फेल्युअर' आलं तर बाहेर बघूच नका, पॅकेट तुमच्या मशीनमधून निघालेलंच नाही. आणि 'कुड नॉट फाइंड होस्ट' हा पिंगचा दोष नाहीच, नावाचा आयपी मिळाला नाही, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) बघा.

खरं वाटणारं उत्तरही कधीकधी भलत्याचंच असतं. एका ठिकाणी सर्व्हरचं शेअर फोल्डर मध्येच तुटायचं, दहा-वीस मिनिटांनी आपोआप जोडलं जायचं. पिंग सतत लावून ठेवलं तर एकही पॅकेट हरवत नव्हतं, त्यामुळे दोन दिवस सगळे सर्व्हरलाच शिव्या देत होते. मी खिडकीत पळणाऱ्या ओळी बघत बसलो होतो आणि एका क्षणी टीटीएल १२८चं ६४ झालं. वेळ तीच, पत्ता तोच, फक्त हा एक आकडा बदलला. विंडोज आपलं पॅकेट टीटीएल १२८ने सुरू करतं, लिनक्स आणि त्यावर चालणारी बरीचशी छोटी उपकरणं ६४ने. मध्ये राउटर नसताना तो आकडा बदलायचं कारणच नाही. एआरपी बघितलं तर मॅक ॲड्रेसही बदललेला. कोणीतरी नवीन प्रिंटरला हाताने तोच आयपी देऊन ठेवला होता. सर्व्हरच्या नावाने प्रिंटर उत्तरं देत होता, आणि पिंगच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं.

टीटीएल वाचायचा सराव असाच होतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. ५७ दिसलं तर बहुधा ६४ने सुरुवात झाली आणि परतीच्या वाटेवर सात राउटर लागले. हा अंदाज आहे, पुरावा नाही, कारण सुरुवातीचा आकडा बदलता येतो.

वेळेबद्दल थोडक्यात. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटर लांबच्या सर्व्हरचं जाऊन-येऊन दहा मिलिसेकंदांपेक्षा कमी होऊच शकत नाही, आणि तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसल्याने प्रत्यक्षात जास्तच लागतं. त्यामुळे 'इतके मिलिसेकंद चांगले की वाईट' याला एकच उत्तर नाही. मी सरासरीपेक्षा किमान आणि कमाल यांतला फरक बघतो. केबलवरच्या शेजारच्या मशीनला एखादा आकडा १ आणि एखादा ८० येत असेल तर काहीतरी तुंबतंय. वायफायवर मात्र घाई करू नका. मोबाइल किंवा लॅपटॉप वीज वाचवायला डुलकी घेतात, आणि त्यांचं पिंग वर-खाली होणं अगदी नेहमीचं आहे.

लॉसचा निर्णय चार पॅकेटांवर कधीच घेऊ नका. चारातलं एक गेलं की २५ टक्के दिसतात, आणि ते एक बऱ्याचदा पहिलंच असतं, एआरपी होईपर्यंत हरवलेलं. मी निदान १०० पाठवतो, विंडोजवर '-एन १००'. आणि ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणाऱ्या टूलमध्ये) मधल्याच एखाद्या राउटरवर लॉस दिसला, पण शेवटच्या मशीनवर शून्य असेल, तर सोडून द्या. राउटरसाठी पॅकेट पुढे ढकलणं हे मुख्य काम, आयसीएमपीला उत्तर देणं हे फावल्या वेळचं. ते तो मुद्दाम मर्यादेत ठेवतो. मधल्या राउटरच्या लॉसवरून इंटरनेट कंपनीशी भांडणारे लोक मी पाहिलेत. त्यांतला एक मी होतो.

आता तुमच्या दुसऱ्या सर्व्हरकडे परत येऊ. पिंग होतंय, पान उघडत नाही. इथे पिंगचं काम संपलं, त्याला आणखी पिळू नका. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे पत्ता, पुढे '-पोर्ट ४४३' (किंवा तुमचं जे पोर्ट असेल ते) चालवा. लिनक्सवर असाल तर 'एनसी -झेडव्ही', पत्ता, पोर्ट. शेवटी टीसीपी टेस्ट सक्सीडेड ट्रू आलं तर पोर्ट उघडं आहे आणि भानगड वेब सर्व्हरच्या आत किंवा ब्राउझर-प्रमाणपत्रात आहे. फॉल्स आलं तर सर्व्हिस बंद आहे किंवा फायरवॉल तेवढं पोर्ट अडवतेय. दोन्हींतला फरक वेळेवरून कळतो: एनसीने लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' सांगितलं तर मशीनपर्यंत पोचलात आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही; बराच वेळ लटकून मग हरलं तर बहुतेक फायरवॉल. विंडोजची फायरवॉल स्वतःच बंद पोर्टचा नकार गिळून टाकते, त्यामुळे लटकणं हा तिथे पक्का निकाल धरू नका. सर्व्हरवरच बसून तीच चाचणी केली की शंका मिटते.

त्याआधी एक बारीक गोष्ट तपासा. ब्राउझरमध्ये तुम्ही नाव टाइप करता आणि पिंग आयपीला करता का? मग त्या दोन चाचण्या वेगवेगळ्या मशीनच्याही असू शकतात. एकदा नावाला पिंग करा आणि पहिल्या ओळीत चौकोनी कंसात कुठला आयपी आला ते वाचा. होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरच नाव आणि आयपीच्या जोड्या लिहिलेली फाइल) कोणी वर्षापूर्वी टाकलेली एक ओळ लोकांचे दिवसच्या दिवस खाते.

एक प्रकार असाही आहे की पिंग होतं, पोर्ट उघडतं, लॉगिनचं पान येतं, आणि मोठा रिपोर्ट उघडला की सगळं गोठतं. तुमच्याकडे व्हीपीएन असेल तर हे ध्यानात ठेवा. विंडोजचं पिंग फक्त ३२ बाइट पाठवतं. एवढंसं पॅकेट कुठूनही निसटतं. 'पिंग -एफ -एल १४७२' करून बघा. १४७२ का, तर त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की इथरनेटचे १५०० भरतात, आणि '-एफ' म्हणजे तुकडे करायला बंदी. ते गेलं नाही तर आकडा कमी करत जा. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे १३७२ला गेलं, १३७३ला नाही, म्हणजे व्हीपीएनच्या बोगद्याची मर्यादा १४०० होती. 'पॅकेट मोठं आहे, लहान कर' हा निरोपही आयसीएमपीनेच येतो, आणि तिथल्या कोणीतरी 'सुरक्षेसाठी' आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवलेलं. सर्व्हर बिचारा मोठी पॅकेटं पाठवत राहायचा आणि ती का पोचत नाहीत हे त्याला कोणी सांगतच नव्हतं. म्हणून पहिल्या सर्व्हरवर पिंग उघडायचं की नाही हे ठरवताना माझं मत असं: आतल्या नेटवर्कसाठी एको रिक्वेस्ट उघडा, बाहेरून हवं तर बंद ठेवा, पण आख्खं आयसीएमपी कधीही कापू नका. आयपीव्ही६ वापरत असाल तर हे दुप्पट लागू, तिथे शेजारी शोधायचं कामही त्याच्याकडेच आहे. अर्थात तुमच्या संस्थेचा सुरक्षेचा नियम वेगळा असेल तर तोच चालेल, त्यात मी पडत नाही.

पुस्तकांत सांगतात की आधी १२७.०.०.१ला पिंग करा, मग स्वतःच्या आयपीला, मग गेटवेला, मग बाहेर. मी उलटं करतो. आधी थेट लांबच्या मशीनला. झालं तर मधलं सगळं तपासायची गरजच उरत नाही. नाही झालं तर गेटवे, आणि मग निम्म्या वाटेवरचं काहीतरी. १२७.०.०.१ मी वर्षानुवर्षं तपासलेलं नाही. ते पॅकेट नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही, केबल उपटलेली असली तरी ते हसतमुखाने उत्तर देतं.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठरतो. आजच बॅच फाइलमध्ये 'टीटीएल='चा बदल करा, कारण खोटा लॉग हा लॉग नसण्यापेक्षा वाईट. पण 'चालू' हा शब्द लॉगमधून काढा आणि 'पिंग आलं' असं लिहा. त्याच्या शेजारी पोर्टच्या चाचणीचा निकाल दुसऱ्या रकान्यात टाका. पहिल्या सर्व्हरसाठी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं पोर्ट तपासलं तर पिंग उघडायची गरजही राहणार नाही. दुसऱ्या सर्व्हरवर पोर्ट फॉल्स आलं तर तिथे लॉगिन करून 'नेटस्टॅट -एएनओ'मध्ये ते पोर्ट 'लिसनिंग' आहे का, आणि असेल तर पत्ता ०.०.०.० आहे की १२७.०.०.१, एवढं बघा. १२७.०.०.१ दिसला तर सर्व्हिस चालू आहे, पण फक्त स्वतःशीच बोलतेय. तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये ऐकायचा पत्ता बदलावा लागेल.